कुलवृत्तांत व वंशविद्या-ग्रंथालये

कुलवृत्तांत म्हणजे एखाद्या कुलातील ज्ञात मूळ पुरुषापासून विद्यमान पिढीपर्यंतच्या व्यक्तींची वंशक्रमाने माहिती देणारा ग्रंथ. वंशावळीत केवळ नावे व त्यांचे परस्परसंबंध असतात. कुलवृत्तांतात त्यांच्या जोडीला जन्म, मृत्यू, विवाह, शिक्षण, व्यवसाय, स्थलांतर, दत्तविधान इत्यादींचा तपशील दिलेला असतो. अशा ग्रंथांचा व त्यांना आधारभूत असलेल्या कागदपत्रांचा पद्धतशीर संग्रह करून तो अभ्यासकांस उपलब्ध करून देणाऱ्या संस्थेस वंशविद्या-ग्रंथालय म्हणतात. कुलवृत्तांत हा मुळात घरासाठी लिहिलेला ग्रंथ असतो. कोणास आपले म्हणावयाचे व कोणास वगळावयाचे, हा निर्णय त्यात त्या कुलानेच घेतलेला असतो. ग्रंथालयात मात्र तो इतर कुलांच्या ग्रंथांशेजारी येतो आणि त्यातील विधाने दुसऱ्या ग्रंथावरून पडताळून पाहता येतात. घराण्याच्या अभिमानाचा विषय असलेला ग्रंथ समाजेतिहासाचे साधन बनतो, तो या शेजारामुळे.

पूर्वपीठिका : भारतात वंशस्मृतीचे जतन प्रथम धर्मविधींनी केले. श्राद्धात पिता, पितामह व प्रपितामह, तसेच माता, पितामही व प्रपितामही आणि मातेकडील मातामहादी तीन पुरुष यांचा नामगोत्रांसह उच्चार करावा लागतो. त्यामुळे सामान्य कुटुंबातही तीन पिढ्यांची नावे तोंडपाठ असत. त्यापलीकडील नावांसाठी लेखाचा आधार घ्यावा लागे. गया, काशी, प्रयाग, हरिद्वार, नाशिक, त्र्यंबकेश्वर इ. क्षेत्रांतील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून हा आधार मिळतो. यात्रेकरूचे नाव, गाव, वाडवडिलांची नावे, बरोबर आलेली माणसे आणि शक्य तेथे खुद्द यात्रेकरूची सही यांची त्यांत नोंद होते. उपाध्यायाला आपला यजमान ओळखता यावा, हा या नोंदींचा मूळ हेतू. तथापि अनेक कुलांचा जुना लेखी पुरावा आज या वह्यांतच उरला आहे. गुजरातेतील वहीवंचा बारोट, राजस्थानातील भाट आणि कर्नाटक व दक्षिण महाराष्ट्रातील हेळवी यांनी यजमान घराण्यांच्या वंशावळी सांगण्याचा व राखण्याचा वंशपरंपरागत व्यवसाय केला.

महाराष्ट्रात वंशावळीला वतनसंस्थेमुळे विशेष महत्त्व आले. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी, देशपांडेपण इ. वतने वारसाहक्काने चालत आणि भाऊबंदांत त्यांच्या तक्षिमा पडत. थोरली पाती कोणती व धाकटी कोणती, दत्तक केव्हा घेतला, कोणाचा वंश खुंटला, यांवर मानपान व उत्पन्न दोन्ही अवलंबून असत. वाद निर्माण झाल्यास पक्षकार आपल्या घराण्याची हकीकत करीना किंवा कैफियत या रूपाने मांडीत व गोतसभेचा निर्णय महजरात नोंदविला जाई. जेधे घराण्याचा करीना हे या प्रकारचे प्रसिद्ध उदाहरण होय. तंजावरच्या भोसले घराण्याचा इतिहास तर दुसऱ्या सरफोजीच्या कारकीर्दीत, १८०३ मध्ये, तेथील बृहदीश्वर मंदिरात मराठी भाषेत शिलांकित करण्यात आला. इंग्रजी अमलात इनाम कमिशनने, विशेषतः १८५२ च्या अधिनियमानंतर, इनामांच्या हक्कांची छाननी केली. त्यावेळी इनामदारांना सनदांबरोबर वंशावळीही सादर कराव्या लागल्या. वंशावळ हा अशा रीतीने हक्काचा पुरावा असल्यामुळे तीत सोयीप्रमाणे फेरफार करण्याचा मोहही तितकाच जुना आहे. जुन्या वंशावळीवर आधारलेला कुलवृत्तांत वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक असते.

मराठी कुलवृत्तांत : विसाव्या शतकात मुद्रणाची सोय, सुशिक्षितांची वाढती संख्या आणि इतिहाससंशोधनाविषयी निर्माण झालेली आस्था यांमुळे मुद्रित कुलवृत्तांतांची परंपरा महाराष्ट्रात रुजली. पुण्यात १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने घरोघरचे दप्तर हे इतिहासाचे साधन आहे, ही जाणीव दृढ केली. चित्पावन कुलांत ही परंपरा विशेष बहरली. आपटे, गोखले, पेंडसे, साठे, दामले, जोगळेकर इ. कुलांचे वृत्तांत प्रसिद्ध असून त्यांतील काहींच्या सुधारलेल्या आवृत्त्या व पुरवण्याही निघाल्या आहेत. इतर ज्ञातींतील अनेक घराण्यांनीही असे ग्रंथ सिद्ध केले. चित्पावनांत ही प्रथा विशेष वाढण्याची कारणे त्यांच्या स्थलांतरात शोधता येतात. बाळाजी विश्वनाथ १७१३ मध्ये पेशवा झाल्यानंतर कोकणातून देशावर आणि पुढे माळवा, बुंदेलखंड, गुजरात, कर्नाटक इ. प्रदेशांत या कुलांच्या शाखा पसरल्या. दोन शतकांनंतर परस्परांस न ओळखणारे भाऊबंद पुन्हा जोडण्याची इच्छा व त्यासाठी लागणारी साक्षरता ही दोन्ही त्यांच्यापाशी होती. गो. स. सरदेसाई यांनी संकलित केलेला ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळी (१९५७) हा ग्रंथ एका कुलाचा नसून अनेक राजकीय घराण्यांचा आहे. त्यात दौलतींशी संबंधित पुरुषांची परंपरा दिलेली असून, सामान्य माणसांची नोंद ही मात्र कुलवृत्तांतांचीच देणगी होय.

कुलवृत्तांताच्या सिद्धतेची पद्धत सर्वसाधारणपणे ठरलेली आहे. कुलातील काही उत्साही मंडळी समिती किंवा कुलमंडळ स्थापन करतात, माहितीपत्रके छापून आडनावबंधूंकडे पाठवितात, मूळ गावी व क्षेत्रांच्या ठिकाणी जाऊन जुने कागद पाहतात आणि वर्गणीतून ग्रंथ छापतात. संपादक बहुधा सेवानिवृत्त शिक्षक, वकील किंवा सरकारी नोकर असतो. माहितीपत्रक भरून पाठविणाऱ्यांचा तपशील विस्ताराने येतो व न पाठविणाऱ्यांचे केवळ नाव उरते. म्हणून नोंदीच्या लांबीवरून त्या व्यक्तीचे महत्त्व ठरविणे चुकीचे होय.

रचना : बहुतेक ग्रंथांच्या आरंभी कुलाचे गोत्र, प्रवर, कुलदैवत, मूळ गाव व आडनावाची उपपत्ती यांची चर्चा असते. त्यानंतर गावावरून ओळखली जाणारी घराणी क्रमाने येतात. प्रत्येक घराण्याचा वंशवृक्ष व त्यातील व्यक्तींचे वृत्त दिलेले असते. एकाच आडनावाची सर्व घराणी एकाच पुरुषापासून निघाली असतीलच असे नाही. गोत्र भिन्न असल्यास ती सामान्यतः वेगळी मानतात; गोत्र एकच असूनही संबंध जुळत नसल्यास प्रामाणिक संपादक घराणी स्वतंत्र ठेवतो. परस्परांचे सोयरसुतक पाळण्याची परंपरा हा अशा वेळी निकटच्या संबंधाचा एक पुरावा समजला जातो. ग्रंथाच्या शेवटी व्यक्तिनामांची सूची, संक्षेपांचे स्पष्टीकरण व शुद्धिपत्र असते. शुद्धिपत्र मुद्रणानंतर आलेल्या हरकतींतून तयार झालेले असल्याने ते मूळ मजकुराइतकेच काळजीपूर्वक वाचावे लागते.

पाश्चात्त्य ग्रंथांत व्यक्तींना अनुक्रमांक देण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. वंशज-पद्धतीत मूळ पुरुषापासून खाली येत प्रत्येक व्यक्तीस क्रमांक देतात; न्यू इंग्लंडमधील वंशविद्या-नियतकालिकात ती १८७० पासून प्रचारात आली. पूर्वज-पद्धतीत शोधकर्त्यापासून वर जातात. तीत स्वतःचा क्रमांक १ असतो. कोणत्याही व्यक्तीच्या क्रमांकाची दुप्पट केली असता तिच्या वडिलांचा क्रमांक मिळतो व त्यात एक मिळविला असता आईचा. उदा., क्रमांक २ म्हणजे वडील, ५ म्हणजे वडिलांची आई आणि ११ म्हणजे वडिलांच्या आईची आई. ही पद्धत मायकेल आयट्सिंगर याने १५९० मध्ये योजिली होती. तीत प्रत्येक आईसाठी जागा राखलेली असते. नाव माहीत नसल्यास ती जागा रिकामी दिसते व माहितीतील उणीव नजरेआड होत नाही.

पौर्वात्य व पाश्चात्त्य परंपरा : चीनमध्ये कुलग्रंथांची परंपरा अत्यंत समृद्ध असून ठराविक पिढ्यांनंतर त्यांची नवी आवृत्ती काढणे हे कुलाचे कर्तव्य मानले जाई. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात (१९६६–७६) असे असंख्य ग्रंथ जाळण्यात आले. त्यातून वाचलेल्या ग्रंथांचा सर्वांत मोठा संग्रह शांघाय ग्रंथालयात आहे. या ग्रंथालयाच्या पुढाकाराने तयार झालेल्या व २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सूचीत ५२ हजारांहून अधिक चिनी कुलग्रंथांची नोंद आहे. कन्फ्यूशसच्या कुलग्रंथाची २००९ मध्ये प्रसिद्ध झालेली आवृत्ती ८० खंडांची असून तीत सु. २० लाख वंशजांची नावे आहेत. स्त्रीवंशजांचा समावेश तीत प्रथमच करण्यात आला. कोरियातील उपलब्ध असलेला सर्वांत जुना मुद्रित-परंपरेतील कुलग्रंथ आन्दोंगच्या क्वॉन कुलाचा असून तो १४७६ मध्ये सिद्ध झाला. त्यात मुलगे व मुली जन्मक्रमानुसार दिलेले आहेत आणि मुलींच्या संततीचीही नोंद आहे. पुढील शतकांत तेथील वारसापद्धती पुत्रप्रधान झाली, तसतशी कन्यांची संतती कुलग्रंथांतून गळत गेली. कुलग्रंथातील स्थान हे निसर्गाने नव्हे, तर त्या त्या काळच्या वारसाहक्काने ठरते, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

यूरोपात वंशावळींचा संबंध प्रथम सरदारवर्गाच्या किताबांशी व जमिनींशी होता. इंग्लंडमध्ये बर्क याच्या सरदार-घराण्यांच्या कोशाची पहिली आवृत्ती १८२६ मध्ये निघाली. अमेरिकेत याच सुमारास सामान्य वसाहतकारांच्या वंशजांनी या विद्येची कास धरली. जॉन फार्मर याने न्यू इंग्लंडमधील पहिल्या वसाहतकारांची सूची १८२९ मध्ये प्रसिद्ध केली. बॉस्टन येथे १८४५ मध्ये न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जिनिऑलॉजिकल सोसायटी ही संस्था स्थापन झाली व १८४७ पासून तिचे नियतकालिक चालू आहे. लंडनमधील सोसायटी ऑफ जिनिऑलॉजिस्ट्स ही संस्था १९११ मधील होय.

ग्रंथालये : जगातील सर्वांत मोठे वंशविद्या-ग्रंथालय अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सॉल्ट लेक सिटी येथे आहे. ते मॉर्मन पंथाच्या चर्चने उभारले. मृत पूर्वजांसाठीही धर्मविधी करता येतो, अशी या पंथीयांची श्रद्धा असल्याने पूर्वजांचा शोध हे त्यांचे धार्मिक कर्तव्य ठरते. त्यासाठी १८९४ मध्ये यूटा वंशविद्या संस्था स्थापन करण्यात आली. जगभरातील नोंदींच्या सूक्ष्मपट्टिका घेण्याचे तिचे कार्य १९३८ मध्ये सुरू झाले. मूळ पट्टिका शहराजवळच्या ग्रॅनाइट डोंगरात खोदलेल्या व १९६५ मध्ये पूर्ण झालेल्या भांडारात ठेवण्यात आल्या. ग्रंथालयाची सध्याची पाच मजली वास्तू १९८५ मध्ये खुली झाली. २०२३ मध्ये तिचे ‘फॅमिलीसर्च ग्रंथालय’ असे नामांतर करण्यात आले. तेथे धर्म वा राष्ट्र यांचा भेद न करता कोणालाही विनामूल्य प्रवेश मिळतो. सु. २४ लाख सूक्ष्मपट्टिकांच्या संगणकीय प्रती करण्याचे काम २०२१ मध्ये पुरे झाले. हरिद्वार व इतर क्षेत्रांतील तीर्थोपाध्यायांच्या अनेक वह्यांच्या प्रतिमाही या संग्रहात आहेत. वॉशिंग्टन येथील काँग्रेस-ग्रंथालय, शिकागोचे न्यूबेरी ग्रंथालय व फोर्ट वेन येथील सार्वजनिक ग्रंथालयाचा वंशविद्या-विभाग हेही प्रसिद्ध आहेत.

महाराष्ट्रात कुलवृत्तांत मुख्यतः सार्वजनिक व संशोधन-ग्रंथालयांत पहावयास मिळतात. पुणे नगर वाचन मंदिर (१८४८), ठाणे येथील मराठी ग्रंथ संग्रहालय (१८९३) व मुंबई मराठी ग्रंथ संग्रहालय (१८९८) यांसारख्या जुन्या संस्थांमुळे अल्पसंख्य प्रतींत निघालेली खाजगी प्रकाशने टिकून राहण्यास मदत झाली. पुणे येथील पुराभिलेखागार, म्हणजेच पूर्वीचे पेशवे दप्तर, व भारत इतिहास संशोधक मंडळाचा संग्रह ही ग्रंथांतील विधाने मूळ कागदांवरून तपासण्याची स्थाने होत. काँग्रेस-ग्रंथालयाचे कार्यालय दिल्लीत १९६२ मध्ये सुरू झाल्यानंतर मराठी प्रकाशने अमेरिकेतील विद्यापीठ-ग्रंथालयांतही नियमितपणे पोहोचू लागली.

शोधाची पद्धत : दशांश वर्गीकरणात वंशविद्येस ९२९ हा अंक असून त्यात कुलग्रंथ आडनावांच्या क्रमाने लावतात. ही मांडणी सोयीची असली, तरी दिशाभूल करणारीही आहे. कुलग्रंथाच्या मुखपृष्ठावर एकच आडनाव असते. आत मात्र सुना, जावई व व्याही यांच्या द्वारा शेकडो आडनावे आलेली असतात. आपल्या आडनावाचा ग्रंथ नाही म्हणून परत फिरणारा वाचक बहुधा हवी असलेली माहिती दुसऱ्याच कपाटात सोडून जातो. म्हणून अनुभवी शोधक प्रथम स्वतःच्या कुटुंबातील निश्चित माहिती लिहून काढतो, ज्ञात पिढीकडून अज्ञात पिढीकडे जातो आणि आपल्या कुलाशी सोयरीक झालेल्या प्रत्येक आडनावाची सूची तपासतो. आडनावाची निरनिराळी रूपे, गावावरून पडलेली व हुद्द्यावरून आलेली उपनावे यांखालीही शोध घ्यावा लागतो. एकाच कुलातील एक शाखा मूळ आडनाव चालविते, तर दुसरी कुलकर्णी किंवा देशपांडे म्हणून ओळखली जाते.

ग्रंथ हाती आल्यावर प्रस्तावना प्रथम वाचावी. माहिती कोणी, केव्हा व कशावरून गोळा केली, हे तीवरून समजते. ग्रंथालयातील प्रतीच्या समासात पूर्वीच्या वाचकांनी केलेल्या दुरुस्त्या पुष्कळदा मौल्यवान असतात. मात्र त्याही पुराव्याविना स्वीकारता येत नाहीत. कालगणनेचे ज्ञानही आवश्यक आहे. शक वर्षात चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ व त्यापुढे फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळविले असता इसवी सन मिळतो. मोडी कागदांत येणाऱ्या सुहूर सनात ५९९ किंवा ६०० व दख्खनच्या फसली सनात ५९० किंवा ५९१ मिळवावे लागतात. इंग्रजी कागदांतही १७५२ पूर्वी कायदेशीर वर्ष २५ मार्च रोजी सुरू होत असल्याने जानेवारी ते मार्च या महिन्यांतील तारखांत एका वर्षाची चूक होते.

वंशवृक्षाची अंतर्गत तपासणी पिढ्यांच्या सरासरीने करता येते. एका पिढीस सामान्यतः २५ ते ३० वर्षे धरतात. १७१३ च्या सुमारास जन्मलेल्या पुरुषापासून १९३८ च्या सुमारास जन्मलेल्या वंशजापर्यंत ८ पिढ्यांचे अंतर असल्यास सरासरी सु. २८ वर्षे पडते व वृक्ष संभाव्य ठरतो. तेवढ्याच काळात पाचच पिढ्या दाखविल्या असतील, तर सरासरी ४५ वर्षांवर जाते व मधली नावे गळाली असावीत, असा तर्क करता येतो. महाराष्ट्रात अशा गळतीचे एक विशेष कारण आहे. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या प्रथेमुळे तीच दोन नावे आलटून पालटून येतात आणि नक्कल करताना दोन पिढ्या वगळल्या गेल्या, तरी क्रम बिघडल्यासारखा दिसत नाही.

विश्वासार्हता : कुलग्रंथातील चुका तीन प्रकारच्या असतात : स्मृतिदोषामुळे झालेल्या, नक्कल करताना शिरलेल्या व हेतुपुरस्सर केलेल्या. तिसऱ्या प्रकाराचे कुप्रसिद्ध उदाहरण म्हणजे स्वीडनमध्ये जन्मलेला व अमेरिकेत व्यवसाय करणारा गुस्टाव्ह आंझू (१८६३–१९४२). त्याने धनिक गिऱ्हाइकांना प्रतिष्ठित पूर्वज पुरवून भरपूर मोबदला घेतला. खऱ्या नोंदींच्या मालिकेत मोक्याच्या जागी एखादी बनावट नोंद घालण्याची त्याची पद्धत होती. त्याच्या वंशावळी ग्रंथालयांत पोहोचल्या व त्यांवरून पुढील ग्रंथकारांनी उतारे घेतल्याने त्या चुका शेकडो कुटुंबांत पसरल्या. इंग्लंडमध्ये जे. होरेस राउंड (१८५४–१९२८) याने सरदार-घराण्यांच्या कल्पित वंशावळींवर कठोर टीका केली. अमेरिकेत डॉनल्ड लाइन्झ जेकोबस (१८८७–१९७०) याने १९२२ मध्ये सुरू केलेल्या नियतकालिकातून मूळ नोंद दाखविल्याशिवाय कोणतेही नाते मानू नये, हा दंडक रूढ केला. दहा ग्रंथांत एकच विधान आढळले, तरी ती दहाही विधाने एका ग्रंथावरून घेतलेली असल्यास तो पुरावा एकच राहतो, हे तत्त्व ग्रंथालयातील वाचकाने विसरता कामा नये.

स्त्रियांच्या नोंदी : पुरुषपरंपरेने रचलेल्या ग्रंथात स्त्री दोनदा येते व दोन्हीकडे अपुरी राहते. माहेरच्या ग्रंथात तिचे जन्मनाव असते आणि लग्नानंतर ‘अमुक गावी अमुक कुलात दिली’ एवढ्यावर नोंद संपते. सासरच्या ग्रंथात लग्नात ठेवलेले नाव असते. माहेरचा उल्लेख पुष्कळदा केवळ आडनावापुरता किंवा मुळीच नसतो. जुन्या वंशावळींत तर स्त्रियांची नावेच गाळलेली असतात. अशा वेळी दोन्ही ग्रंथ एकत्र ठेवून पतीचे नाव, गाव व लग्नाचे वर्ष हे तिन्ही दुवे जुळल्यास दोन नावांची स्त्री एकच असल्याचे सिद्ध करता येते. एका कुलाच्या ग्रंथात हे शक्य नसते; ते ग्रंथसंग्रहातच साधते.

पुनर्विवाहित स्त्रियांच्या बाबतीत शोध आणखी अवघड होतो. विधवाविवाहास १८५६ च्या अधिनियमाने मान्यता मिळाली, तरी समाजाने तो दीर्घकाळ स्वीकारला नाही. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरूड येथील ग्रामस्थांनी कर्वे कुटुंबावर बहिष्कार घातला. गोदूबाई जन्माने जोशी, प्रथम विवाहाने नातू व दुसऱ्या विवाहाने कर्वे. त्यांचे नावही दुसऱ्या विवाहानंतर आनंदीबाई असे झाले. त्यांनी स्वतः आत्मचरित्र लिहिल्यामुळे हा प्रवास ज्ञात आहे. ज्या स्त्रियांनी काही लिहिले नाही, त्यांच्यापर्यंत पोहोचावयाचे, तर तीन कुलांचे ग्रंथ तीन नावांखाली पाहणे प्राप्त होते. आणि ज्या घराण्याने बहिष्काराच्या भीतीने एखादी नोंद गाळली, तिचा पत्ता दुसऱ्या घराण्याच्या नोंदीतूनच लागू शकतो.

ग्रंथ नसलेली कुळे : कुलवृत्तांत सिद्ध होण्यास साक्षरता, पैसा व जुने कागद लागतात. वतन व विद्या या दोहोंपासून दूर ठेवल्या गेलेल्या समाजांचे ग्रंथ म्हणूनच विरळा आढळतात. त्यांच्या पूर्वजांच्या नोंदी इतरांनी इतर हेतूंनी केलेल्या असतात. अमेरिकेत १८५० व १८६० च्या जनगणनांत गुलामांची नोंद बहुतांशी नावाविना, केवळ वय, लिंग व वर्ण या स्वरूपात मालकाच्या नावाखाली झाली. १८७० च्या जनगणनेपासून मात्र मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांची नावे सर्वसाधारणपणे येतात. ॲलेक्स हॅली याच्या रूट्स (१९७६) या ग्रंथाने वंशशोधाविषयी सर्वत्र कुतूहल निर्माण केले. त्यातील आफ्रिकेपर्यंतचा दुवा संशोधकांनी पुढे विवाद्य ठरविला, तरी नोंद नसलेल्यांनाही पूर्वज शोधण्याचा हक्क आहे, ही जाणीव त्यामुळे व्यापक झाली. मॉरिशसमध्ये १८३४ पासून करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्या भारतीयांत कोकणातील मराठी भाषकही होते. त्यांचे वंशज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या आप्रवासी-नोंदवह्यांवरून मूळ गावाचा शोध घेतात. मजुरावर देखरेख ठेवण्यासाठी दिलेला क्रमांक हाच येथे वंशजाच्या हाती उरलेला पहिला दुवा असतो. गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांना चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदवह्यांचा असाच उपयोग होतो.

सामाजिक महत्त्व : कुलवृत्तांतांचे शास्त्रीय मोल ओळखणाऱ्यांत शिकागो विद्यापीठाच्या ग्रंथालयातील दक्षिण आशियाविषयक ग्रंथसूचीकार मॉरीन पॅटरसन यांचा उल्लेख आवश्यक आहे. त्यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात चित्पावन कुलवृत्तांतांच्या आधारे महाराष्ट्रातील सामाजिक रचना व परिवर्तन यांच्या अभ्यासाची दिशा दाखविली. स्थलांतर, शिक्षण, व्यवसायबदल, विवाहाचे वय, बालमृत्यू यांविषयी अनेक पिढ्यांची सलग माहिती अन्यत्र क्वचितच मिळते. एकट्या व्यक्तीचे वृत्त किरकोळ वाटले, तरी हजारो वृत्ते एकत्र केली असता समाजाची गती त्यांतून दिसते.

वंशाच्या नोंदींचा दुरुपयोगही झाला आहे. जर्मनीत १९३३ नंतर नाझी राजवटीने सरकारी नोकरीसाठी ‘आर्य’ वंशाचा पुरावा सक्तीचा केला. त्यामुळे चर्चमधील जन्मविवाहांच्या नोंदी हे लोकांना वेगळे काढण्याचे साधन बनले. मॉर्मन चर्चने नाझी संहारात बळी पडलेल्या ज्यूंची नावे मरणोत्तर विधीसाठी नोंदविल्याबद्दल आक्षेप आला व १९९५ मध्ये ज्यू संघटनांशी करार करून तसे न करण्याचे त्या चर्चने मान्य केले. ग्रंथातील नाव कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न येथे निर्माण होतो. मराठी कुलवृत्तांतांतही हयात व्यक्तींचे पत्ते, जन्मतारखा व कौटुंबिक तपशील छापण्याची प्रथा होती. संगणकीय प्रतींमुळे अशी माहिती सर्वत्र पसरू शकत असल्याने हयात व्यक्तींच्या संमतीचा प्रश्न आता अधिक महत्त्वाचा झाला आहे.

महाराष्ट्रात वंशावळ पुन्हा हक्काचा पुरावा बनली आहे. जातप्रमाणपत्राच्या पडताळणीत जुन्या नोंदीतील पूर्वजाशी आपले नाते दाखवावे लागते. मराठवाड्यातील मराठा कुटुंबांच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य शासनाने २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमल्यानंतर जुनी महसुली व शैक्षणिक दप्तरे आणि मोडी वाचक यांची गरज एकदम वाढली. नोंद सापडणे व त्या नोंदीतील व्यक्ती आपलाच पूर्वज असल्याचे दाखविणे या दोन वेगळ्या गोष्टी असून दुसरी सामान्यतः अधिक कठीण असते. ग्रंथ, दप्तर व स्मृती या तिहींचा मेळ घालण्याची वंशविद्येची पद्धत येथे थेट व्यवहारात उपयोगी पडते.

एकविसाव्या शतकात आनुवंशिक चाचण्यांमुळे जैविक नाते पडताळणे शक्य झाले आहे. परंतु दत्तक, सावत्र व मानलेली नाती ही कुलाच्या इतिहासाचा भाग असूनही त्या चाचणीत दिसत नाहीत. त्यामुळे कुलग्रंथाची आवश्यकता संपलेली नाही. अल्पसंख्य प्रतींत छापलेले जुने कुलवृत्तांत जीर्ण होत आहेत. घरातील प्रत कुटुंबाबरोबर विखुरते, तर ग्रंथालयातील प्रत त्या कुटुंबाबाहेरच्या वाचकासही उपलब्ध राहते. मुद्रित ग्रंथांबरोबरच हस्तलिखित वंशावळी, माहितीपत्रकांचे गठ्ठे व समासातील टिपणे यांचे जतन होणे आणि सर्व उपलब्ध कुलवृत्तांतांची, त्यांत आलेल्या माहेरच्या व सासरच्या आडनावांसह, एकत्रित सूची तयार होणे अगत्याचे आहे. अशा सूचीमुळे एका ग्रंथात हरवलेल्या व्यक्तीचा मागोवा दुसऱ्या ग्रंथात घेणे सुलभ होईल.